घरचें मैदान नसलेला गोलंदाज

वीस षटकांच्या क्रिकेटमध्यें जगांत सर्वाधिक बळी कोणी घेतले, असा प्रश्न आज एखाद्या शाळकरी मुलास विचारला तर तो क्षणाचाही विलंब न लावतां राशिद खानाचें नांव सांगेल. परंतु ह्याच गोलंदाजानें आपल्या मायदेशांत एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नाहीं, ही गोष्ट त्या मुलाच्या वडिलांसही बहुधा ठाऊक नसेल. अफगाणिस्तानच्या संघानें 'घरचे' म्हणून जे सामने आजवर खेळले, ते शारजा व अबू धाबी येथें, किंवा आमच्याकडे ग्रेटर नोएडा, डेहराडून आणि लखनौ येथें. पाहुण्याच्या घरीं यजमान होऊन बसावें, असा हा प्रकार आहे. अशा संघांतील एका तरुणानें विशीच्या आंत जगांतील पहिल्या क्रमांकाचा मान कसा मिळविला, आणि त्या मानाबरोबर त्याच्या शिरावर काय काय येऊन पडलें, हें आज आम्ही वाचकांस सांगणार आहों.

पठाण म्हटला कीं आमच्या आजोबांच्या पिढीच्या डोळ्यांपुढें हिंग, बदाम आणि व्याजाचा तगादा ह्या तीनच वस्तु उभ्या राहत. त्या पठाणाचा नातू चेंडू फिरवून पैसे मिळवील, आणि हैदराबादच्या संघाचे मालक त्यासाठीं चार कोटि रुपये मोजतील, असें भाकित कोणी केलें असतें तर त्या पिढीनें त्याला वेड्यांतच काढलें असतें.

अफगाण लोकांस क्रिकेट मिळालें तें निर्वासितपणांत. १९७९ सालीं सोव्हिएट फौजा त्या देशांत शिरल्या आणि लक्षावधि कुटुंबें सरहद्द ओलांडून पेशावरच्या आसपासच्या छावण्यांत गेलीं. तेथील मुलांनीं पाकिस्तानी मुलांचा खेळ पाहिला आणि तो उचलला. फळकुटाची बॅट आणि मिळेल तो चेंडू एवढ्या भांडवलावर एका राष्ट्राचा खेळ उभा राहिला. १९९५ सालीं क्रिकेट मंडळ स्थापन झालें. तालिबानी राजवटीची प्रथम सर्वच खेळांवर वक्र दृष्टि होती. पुढें २००० सालीं क्रिकेटपुरती ती सैल झाली. २००१ सालीं आंतरराष्ट्रीय मंडळानें अफगाणिस्तानास आपल्या सभासदांत घेतलें. २००८ सालीं जर्सी बेटावर पांचव्या श्रेणीच्या संघांची स्पर्धा ह्या मंडळींनीं जिंकली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, २०१० सालीं, ती वीस षटकांच्या विश्वचषकांत खेळत होती. इतक्या थोड्या अवधींत इतकी मजल मारल्याचें दुसरें उदाहरण क्रिकेटच्या इतिहासांत आम्हांस तरी आढळत नाहीं.

राशिदचा जन्म पूर्वेकडील नांगरहार प्रांतांतला, ता. २० सप्टेंबर १९९८ चा. जलालाबाद हें त्या प्रांताचें मुख्य शहर. घर मोठें, भावंडें पुष्कळ. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस त्या घराची कल्पना सहज येईल. युद्धाच्या धुमाळींत हेंही कुटुंब कांहीं वर्षें पाकिस्तानांत जाऊन राहिलें आणि शांतता झाल्यावर परतलें. क्रिकेटचे पहिले धडे त्यानें थोरल्या भावांबरोबर खेळतांना घेतले. दैवत म्हणजे शाहिद आफ्रिदी. आणि दुसरे आमचे अनिल कुंबळे. ह्या दोघांचीं नांवें ध्यानांत ठेवलीं म्हणजे राशिदच्या गोलंदाजीचें मर्म समजण्यास सोपें जातें, कारण दोघेही चेंडू फार न वळवितां झपाट्यानें टाकणारे.

घरांतील ज्या मंडळींस ह्या खेळाची परिभाषा अवगत नाहीं त्यांच्यासाठीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे. उजव्या हातानें मनगट वळवून टाकलेला चेंडू टप्पा पडल्यावर फलंदाजाच्या पायाकडून बाहेरच्या बाजूस वळतो. त्यास लेगब्रेक म्हणतात. गुगली म्हणजे धांव तीच, हात फिरविण्याची ढब तीच, परंतु चेंडू मात्र उलट दिशेनें आंत येतो. इंग्लंडच्या बोझांकेटनें ही युक्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आणली आणि तेव्हांपासून फलंदाजांची झोंप उडाली. आपल्या मुंबईच्या सुभाष गुप्त्यांनीं १९५८ सालीं कानपूर येथें वेस्ट इंडीजचे एका डावांत नऊ गडी बाद केले, ते ह्याच विद्येच्या बळावर. परंतु गुप्ते काय किंवा जुन्या परंपरेतले इतर कोणी काय, चेंडूस उंची देऊन, फलंदाजास पुढें येण्याचें आमिष दाखवून त्याला फसवीत. राशिदचा मार्ग निराळा. तो ताशीं नव्वद-शंभर किलोमीटर वेगानें चेंडू टाकतो, हात इतक्या झटक्यानें फिरवितो कीं मनगट दिसतच नाहीं, आणि मनगटापेक्षां बोटांच्या अग्रांचा उपयोग अधिक करतो. हातांत चेंडू धरण्याच्या त्याच्या तऱ्हाही एकाहून अधिक आहेत. नेम सदैव यष्ट्यांवर. फलंदाज चेंडू कोणत्या बाजूस वळणार ह्याचा विचार करीत असतो तोंपर्यंत चेंडू पायावर किंवा यष्टीवर आदळलेला असतो. त्याच्या बळींत त्रिफळाचीत आणि पायचीत ह्यांचा भरणा इतका मोठा कां, ह्याचें उत्तर येथें आहे. जुन्या रसिकांस ही गोलंदाजी किंचित् घाईची, कमी मधुर वाटते. आमच्याही मनांत तशी एक हळहळ आहे. परंतु जिला वीसच षटकें मिळावयाचीं त्या पंगतींत आग्रह करकरून वाढण्यास वेळ कोणाला आहे?

१९१५ च्या सुमाराचे आमचे वृद्ध क्रिकेटर सतराव्या वर्षीं कॉलेजच्या संघांत येण्याची धडपड करीत. राशिद सतराव्या वर्षीं, ऑक्टोबर २०१५ मध्यें, झिंबाब्वेंतील बुलावायो येथें देशासाठीं पहिला सामना खेळला. पुढल्याच वर्षीं डिसेंबरांत अबू धाबी येथें इंग्लंडच्या दुय्यम संघाविरुद्ध चार दिवसांच्या सामन्यांत त्यानें एकूण बारा बळी घेतले. त्याचा तो ह्या दर्जाचा पहिलाच सामना. २०१७ च्या फेब्रुवारींत आयपीएलच्या लिलांवांत त्याचें व महंमद नबीचें नांव पुकारलें गेलें. त्या बाजारांत विकले गेलेले हे पहिले दोन अफगाण. त्याच वर्षीं ता. ९ जून रोजीं सेंट लुशिया बेटावर वेस्ट इंडीजविरुद्ध त्यानें केवळ १८ धांवांत सात बळी घेतले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आंत, ता. २२ जून रोजीं, अफगाणिस्तानास कसोटी सामने खेळण्याचा अधिकार मिळाला. एकट्या राशिदमुळें तो मिळाला असें म्हणणें नबी, असगर प्रभृति जुन्या मंडळींवर अन्यायाचें होईल. पण मंडळाच्या बैठकींत बसलेल्यांच्या कानांवर त्या सात बळींची वार्ता गेली नसेल असेंही नाहीं.

२०१८ सालीं एकोणीस वर्षांचा हा मुलगा एकदिवशीय गोलंदाजांच्या क्रमवारींत पहिला आला. इतक्या लहान वयांत तेथें पूर्वीं कोणी पोंचलेलें नव्हतें. मार्चमध्यें कर्णधार असगर आंत्रपुच्छाच्या विकारानें आजारी पडला तेव्हां संघाची सूत्रेंही त्याच्याच हातीं आलीं. त्याच महिन्यांत त्यानें ४४ व्या सामन्यांत शंभरावा बळी घेऊन तेव्हांचा उच्चांक मोडला. तो उच्चांक पुढें २०२३ सालीं नेपाळच्या संदीप लामिछानेनें मोडला, हेंही सांगितलें पाहिजे.

परंतु ज्या दिवसाची सारा अफगाणिस्तान वाट पाहत होता, तो आला आणि तोंडचा घांस काढून गेला. ता. १४ जून २०१८ रोजीं बंगळूर येथें भारताविरुद्ध पहिला कसोटी सामना सुरू झाला. शिखर धवननें उपाहारापूर्वींच शतक पुरें केलें. राशिदनें ३४.५ षटकें टाकलीं, १५४ धांवा दिल्या आणि दोन बळी मिळविले. दुसऱ्या दिवशीं अफगाण संघ दोन वेळां बाद झाला, १०९ आणि १०३ धांवांत. सामना दोन दिवसांतच आटोपला. भारताचें नेतृत्व त्या वेळीं आमच्या अजिंक्य रहाण्याकडे होतें. चषक स्वीकारल्यावर त्यानें पराभूत संघास जवळ बोलाविलें आणि दोन्ही संघांचें एकत्र छायाचित्र चषकासह काढविलें. जिंकल्यावर कसें वागावें हें शिकविण्यासाठीं आपल्या मुलांस तें छायाचित्र अवश्य दाखवावें.

ह्याच सुमाराची आणखी एक हकीकत. २०१८ च्या मे महिन्यांत जलालाबादच्या मैदानावर रात्रीं सामना चालू असतां बॉम्बस्फोट झाले आणि प्रेक्षकांपैकीं आठ माणसें मेलीं. राशिदच्या स्वतःच्या गांवचें हें मैदान. त्यानंतर आठवड्याभरांत, ता. २५ मे रोजीं, कलकत्त्याच्या ईडन उद्यानांत हैदराबादसाठीं खेळतांना त्यानें दहा चेंडूंत नाबाद ३४ धांवा काढल्या, तीन बळी घेतले, दोन झेल टिपले आणि एक गडी धांवबाद केला. सामन्याचा मानकरी म्हणून त्याला पुढें बोलाविलें तेव्हां त्यानें तें पारितोषिक जलालाबादच्या मृतांस अर्पण केलें. क्रीडांगणावरील भाषणें सामान्यतः ऐकण्याजोगीं नसतात. हें ऐकण्याजोगें होतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे वडील निवर्तले. राशिद तेव्हां ऑस्ट्रेलियांत ॲडलेडच्या संघाकडून खेळत होता. दुसऱ्या दिवशीं त्या संघाचा सामना होता आणि तो खेळला. आमच्याकडील वडीलधारीं माणसें ह्यावर भिवया उंचावतील. सुतकांत मैदानावर? परंतु ह्याच प्रश्नाचा निकाल आमच्या एका मराठी घरानें पूर्वींच लावलेला आहे. १९९९ च्या मे महिन्यांत विश्वचषकाची स्पर्धा चालू असतांना प्राध्यापक रमेश तेंडुलकर वारले. सचिन इंग्लंडहून घरीं आला, अंत्यसंस्कार झाले, आणि चौथ्या दिवशीं तो ब्रिस्टलच्या मैदानावर केनियाविरुद्ध नाबाद १४० धांवा काढीत होता. शोक कोणी कसा करावा हें शेजाऱ्यांनीं ठरवूं नये. पुढें २०२० सालीं राशिदची आईही गेली.

२०१९ चें साल त्याच्या आयुष्यांत विलक्षण ठरलें. फेब्रुवारींत डेहराडून येथें आयर्लंडविरुद्ध लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी; मार्चमध्यें त्याच गांवीं त्याच संघाविरुद्ध अफगाणिस्तानचा पहिला कसोटी विजय, आणि त्यांत दुसऱ्या डावांत राशिदचे पांच बळी. आतां हा तरुण इंग्लंडांतल्या विश्वचषकांत काय करील ह्याकडे सर्वांचे डोळे लागले. तेथें झालें तें असें. ता. १८ जून रोजीं मँचेस्टर येथें इंग्लंडचा कर्णधार मॉर्गन सतरा षटकार ठोकून १४८ धांवा काढून गेला. राशिदनें नऊ षटकांत ११० धांवा दिल्या आणि बळी एकही नाहीं. विश्वचषकांत इतका मार तोंपर्यंत कोणत्याही गोलंदाजानें खाल्ला नव्हता. लोकांनीं थट्टा केली, कोणी त्या धांवांना त्याचें 'शतक' म्हटलें. अफगाण संघ त्या स्पर्धेंतले नऊच्या नऊ सामने हरला.

आमच्या मतें राशिदची खरी परीक्षा येथें झाली, आणि तिचा निकाल अवघ्या तीन महिन्यांत लागला. सप्टेंबरांत बांगलादेशांतील चट्टग्राम येथें तो कसोटी संघाचा कर्णधार म्हणून उतरला. वय वीस वर्षें आणि ३५० दिवस. इतका लहान कसोटी कर्णधार तोंपर्यंत झाला नव्हता. पहिल्या डावांत त्यानें स्वतः ५१ धांवा केल्या व पांच बळी घेतले. दुसऱ्या डावांत बांगलादेशाचे चार गडी उरले असतां शेवटच्या दिवशीं पावसानें ठाण मांडलें. तासांमागून तास गेले. सामना हातचा जाणार असें वाटत असतां सायंकाळीं थोडा वेळ उघडीप झाली. राशिदनें चेंडू हातीं घेतला, आणि थोडींच षटकें शिल्लक असतां अखेरचा गडी त्यानेंच बाद केला. दोन डावांत मिळून अकरा बळी, विजय २२४ धांवांनीं. नबीचा हा अखेरचा कसोटी सामना होता. छावणींतल्या पिढीनें ज्याच्या हातीं खेळ सोंपविला त्याच्याच हातून तिला असा निरोप मिळाला.

मार्च २०२१ मध्यें झिंबाब्वेविरुद्ध अबू धाबी येथें त्यानें एकाच सामन्यांत ९९.२ षटकें टाकून अकरा गडी बाद केले. चार षटकांत ज्याची मजुरी संपते त्याच्याकडून हें काम झालें, ह्याचें आम्हांस त्या बळींहून अधिक कौतुक वाटतें.

मग तो ऑगस्ट महिना उजाडला. तालिबानी फौजा एकामागून एक शहरें घेत काबुलकडे येत होत्या. राशिद इंग्लंडांत खेळत होता. ता. १० रोजीं त्यानें जगांतील पुढाऱ्यांस उद्देशून जाहीर विनवणी केली कीं, आमच्या देशांत रोज बायकामुलें मरत आहेत, घरें उध्वस्त होत आहेत. आम्हांस ह्या गोंधळांत सोडून जाऊं नका. पांच दिवसांनीं काबुल पडलें. खेळाडूचें आर्जव ऐकून सैन्यें परत फिरत नसतात. सप्टेंबरांत विश्वचषकासाठीं संघाची निवड जाहीर झाली, तेव्हां कर्णधार असून आपली संमति घेतली गेली नाहीं, असें सांगून त्यानें तें पद सोडलें. तें त्याच्याकडे परत आलें २०२२ च्या अखेरीस. दरम्यान अहमदाबादच्या संघानें त्याला पंधरा कोटि रुपयांस घेतलें आणि पहिल्याच वर्षीं आयपीएलचा चषक जिंकला. ह्या बाजारी पराक्रमांची यादी बरीच लांब असून ती आम्ही गाळतों.

२०२३ च्या विश्वचषकांत ह्या संघाचें दर्शन महाराष्ट्रास झालें. ऑक्टोबरच्या आरंभीं हेरात प्रांतांत भूकंप होऊन हजाराहून अधिक माणसें दगावलीं होतीं; राशिदनें स्पर्धेंतील आपलें सर्व मानधन तिकडे देऊं केलें. ता. १५ रोजीं दिल्लींत जगज्जेत्या इंग्लंडास त्यांनीं ६९ धांवांनीं हरविलें, पुढें मद्रासेस पाकिस्तानास. ता. ३० रोजीं पुण्यानजीक गहुंजे येथें श्रीलंकेवर सात गडी राखून विजय मिळाला. राशिदचा तो शंभरावा एकदिवशीय सामना होता. आणि ता. ७ नोव्हेंबर रोजीं मुंबईस वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाची अवस्था सात बाद ९१ अशी झाली, जिंकावयास २९२ हव्या होत्या. त्यांतले दोन बळी राशिदचे. त्यानंतर मॅक्सवेलनें काय केलें तें ज्यांनीं पाहिलें ते विसरणार नाहींत. त्याचा एक सोपा झेल सुटला. पायांत गोळे येऊन तो जमिनीवर लोळत होता, धांवूं शकत नव्हता, आणि जागच्या जागीं उभा राहून त्यानें नाबाद २०१ केल्या. राशिदचीं दहा षटकें संपलीं आणि तो मैदानावर नुसता पाहत राहिला. पाठीच्या दुखण्यावर त्या महिन्यांतच त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

त्या रात्रीची भरपाई झाली ती जून २०२४ मध्यें, वेस्ट इंडीज बेटांवर. प्रथम न्यूझीलंडास ७५ धांवांत गुंडाळलें, चार बळी राशिदचे. मग किंग्जटाउन येथें ऑस्ट्रेलियावर २१ धांवांनीं मात केली. आणि त्याच मैदानावर बांगलादेशाविरुद्ध आठ धांवांनीं जिंकून उपांत्य फेरी गांठली. ह्या शेवटच्या सामन्यांत साथीदारानें दुसरी धांव नाकारली म्हणून कर्णधारानें रागानें बॅट भिरकावली, तें मात्र शोभलें नाहीं. गोलंदाजींत त्यानें पुनः चार बळी घेतले. जलालाबाद आणि काबुलच्या रस्त्यांवर माणसांचा पूर लोटला. उपांत्य सामन्यांत दक्षिण आफ्रिकेनें त्यांना ५६ धांवांत बाद करून स्वप्न तेथेंच संपविलें.

त्या गर्दीचीं छायाचित्रें आम्हीं निरखून पाहिलीं. त्यांत सारे पुरुष होते. आणि ह्या लेखांत सांगावयाची सर्वांत अवघड गोष्ट ती हीच. तालिबानी राज्यांत मुलींस माध्यमिक शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठें बंद, खेळ बंद. पूर्ण सभासद राष्ट्रानें स्त्रियांचाही संघ ठेवावा असा आंतरराष्ट्रीय मंडळाचा नियम असतां तो ह्या एका देशापुरता गुंडाळून ठेवला गेला. ऑस्ट्रेलियानें जानेवारी २०२३ मध्यें ह्या कारणास्तव अफगाणिस्तानाशीं ठरलेले सामने रद्द केले, तेव्हां राशिद संतापला आणि ऑस्ट्रेलियांतील स्पर्धेंत आपण पुनः खेळावें कीं नाहीं ह्याचा विचार करूं, असें म्हणाला. त्याचा राग आम्ही समजूं शकतों. देशांत उरलेला एकमेव आनंदाचा विषय हिरावून कोणाचें भलें होणार, हा त्याचा प्रश्न खोटा नाहीं. पण ज्या मुलींच्या नांवानें तो बहिष्कार घातला गेला त्यांच्याविषयीं तो त्या वेळीं बोलला नाहीं, हें आम्हांस खटकलें होतें.

तो बोलला डिसेंबर २०२४ मध्यें. मुलींना परिचारिका आणि सुइणी होण्याचें शिक्षण देणाऱ्या ज्या संस्था उरल्या होत्या त्यांचींही दारें लागलीं तेव्हां त्यानें जाहीरपणें लिहिलें कीं, इस्लामच्या शिकवणींत विद्येला मध्यवर्ती स्थान आहे आणि ती स्त्रीपुरुष दोघांस सारखीच सांगितली आहे; देशांत स्त्री डॉक्टर व परिचारिका ह्यांची टंचाई असून तिचा परिणाम स्त्रियांच्याच जिवावर व अब्रूवर होतो; ह्या निर्णयाचा फेरविचार व्हावा. नबीनेंही त्याच अर्थाचें लिहिलें. लंडनमध्यें बसून असें लिहिणें सोपें असतें. राशिदचें घरदार तिकडे आहे. त्या आधीं दोनच महिने, ऑक्टोबरांत, काबुलमध्यें त्याचें लग्न लागलें होतें. निर्णय फिरला नाहीं.

त्यानंतरचे आंकडे थोडक्यांत. जानेवारी २०२५ मध्यें बुलावायो येथें, जेथें त्याची कारकीर्द सुरू झाली तेथेंच, कसोटींत पुनः अकरा बळी. ता. ४ फेब्रुवारी रोजीं दक्षिण आफ्रिकेंत ब्राव्होचा ६३१ बळींचा उच्चांक मागें पडला आणि वीस षटकांच्या क्रिकेटमधील सर्वांत यशस्वी गोलंदाज म्हणून राशिदचें नांव लागलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता न्यूझीलंडच्या साउदीचा उच्चांकही त्यानें शारजा येथें ओलांडला.

फेब्रुवारींतील त्या विक्रमाच्या पांच दिवस आधीं, ता. ३० जानेवारी रोजीं, मेलबर्न येथें आणखी एक सामना झाला. नोव्हेंबर २०२० मध्यें अफगाण मंडळानें पंचवीस मुलींस करार देऊन स्त्रियांचा संघ उभारण्याचें ठरविलें होतें. पुढल्या वर्षीं काबुल पडल्यावर त्यांच्यापैकीं बहुतेकजणी देश सोडून ऑस्ट्रेलियांत पोंचल्या. तीन वर्षांहून अधिक काळानंतर त्या प्रथमच एकत्र येऊन अफगाणिस्तानच्या नांवानें मैदानावर उतरल्या. त्या सामन्याची नोंद आंतरराष्ट्रीय सामन्यांत झालेली नाहीं.